सुताची ओल : विणकराच्या घरातील हवेचा इतिहास

१

वस्त्रोद्योगाच्या इतिहासात माग, चरखा, धोटा या साधनांना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे ज्या हवेत ही साधने चालत त्या हवेला मिळालेले नाही. हे स्वाभाविकही आहे. माग वस्तुसंग्रहालयात ठेवता येतो. त्याची मोजमापे घेता येतात, चित्र काढता येते. मागघरातील हवा मात्र कोणालाही जतन करता आलेली नाही. तथापि कापूस, अंबाडी, जवस, रेशीम या तंतूंवर काम करणाऱ्या माणसाला हवेची उष्णता व ओल यांचा विचार पदोपदी करावा लागे. हा विचार पुष्कळदा घराच्या बांधणीत, कामाच्या वेळापत्रकात आणि भाषेत उतरला. राहते घर हीच जेथे कर्मशाळा होती, तेथे सुताला मानवेल अशी हवा घरात कशी राखली जात असे, आणि त्या हवेची किंमत कोणाला मोजावी लागत असे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

आरंभी शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. शास्त्रीय मराठीत ज्याला ‘आर्द्रता’ म्हणतात, त्याला घरगुती मराठीत ‘ओल’ किंवा ‘ओलावा’ म्हणतात. हे दोन शब्द परस्परांस परके वाटले तरी त्यांचे कुळ एकच मानले जाते. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्र याने आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘आर्द्र’ या शब्दाची ‘उल्ल’, ‘ओल्ल’, ‘अल्ल’ अशी रूपे नोंदविली आहेत. मराठी ‘ओल’ व ‘ओला’ ही ‘ओल्ल’ची संतती होय, आणि स्वयंपाकघरातील ‘आले’ हे ‘आर्द्रक’ या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप आहे. सुंठीच्या उलट ते ओले, म्हणून ते आले. याउलट ‘सर्द’ हा शब्द फारसीतून आला. फारसीत त्याचा अर्थ केवळ ‘थंड’ असा आहे. मराठीत मात्र सर्द भिंत म्हणजे ओल धरलेली भिंत आणि सर्द हवा म्हणजे गार व दमट हवा. थंडी आणि ओल या दोन निराळ्या गोष्टी येथे एकाच शब्दात मिसळल्या आहेत, आणि त्याच शब्दापासून झालेल्या ‘सर्दी’त त्यांचा शरीरावरील परिणामही समाविष्ट झाला आहे. ‘सादळणे’ हे क्रियापद तर अधिकच सूक्ष्म आहे. वस्तू भिजलेली नसते, तिच्यावर पाण्याचा थेंबही दिसत नाही, परंतु हवेतील ओल शोषून ती नरम पडलेली असते. पापड सादळतो, ढोलकीची पुडी सादळते, दारू सादळते. पदार्थ हवेतून पाणी शोषतो हा जो धर्म पदार्थविज्ञान ‘आर्द्रताग्राहिता’ या जड संज्ञेने सांगते, तो मराठीने एका साध्या क्रियापदात नोंदवून ठेवला आहे.

मात्र एक भेद लक्षात ठेवावयास हवा. गृहिणीच्या दृष्टीने सादळणे हा दोष आहे. कापसाच्या सुतावर काम करणाऱ्याच्या दृष्टीने, काही मर्यादेपर्यंत, तो गुण आहे.

२

कापसाचा तंतू हवेतील ओलीशी सतत देवघेव करीत असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असता पूर्ण कोरड्या कापसाच्या वजनाच्या मानाने सुमारे साडेआठ टक्के पाणी त्यात मुरलेले असते, असा वस्त्रव्यापारातील मान्य हिशेब आहे. रेशमाच्या बाबतीत हेच प्रमाण ११ टक्के धरले जाते. हवा कोरडी झाली की तंतू पाणी सोडतो, ताठर व ठिसूळ बनतो, त्याचे केस उभे राहतात, घर्षणाने त्यात वीज साचते आणि धागा तुटतो. कापूस आणि जवसाचा तंतू यांची शक्ती ओलीने वाढते. पूर्ण भिजलेले कापसाचे सूत कोरड्या सुतापेक्षा सुमारे १० ते २० टक्क्यांनी अधिक ताण सोसते. लोकर व रेशीम यांचे वर्तन नेमके उलट आहे. भिजल्याने ती दुबळी होतात. तेव्हा विणकराला कोणती हवा हवी, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते धाग्यागणिक बदलते.

दुसरी गोष्ट अशी की, हवेत पाणी किती आहे एवढ्यावर तिचा कोरडेपणा ठरत नाही. हवा जितकी तापेल तितकी तिची पाणी सामावून घेण्याची शक्ती वाढते. पहाटे २४ अंश सेल्सिअस तापमानात ज्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तीच हवा पाण्याचा एक कणही न गमावता दुपारी ४० अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ३२ टक्क्यांवर उतरते. म्हणजे पाणी तेवढेच, परंतु सुताच्या दृष्टीने सकाळची हवा ओली व दुपारची हवा रखरखीत. ही आकडेमोड करण्याची साधने अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत सिद्ध झाली. सोस्यूर या जिनीव्हाच्या शास्त्रज्ञाने केसाच्या ताणावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचे विवेचन १७८३ साली प्रसिद्ध केले. पण सूत कातणाऱ्यांनी या साधनांची वाट पाहिली नव्हती. त्यांच्यापाशी स्वतःचे एक मापक होते आणि ते म्हणजे हातातला धागा.

३

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ढाक्याच्या मलमलीच्या इतिहासात मिळतो. जेम्स टेलर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील शल्यवैद्य ढाक्यास होता. त्याने १८४० मध्ये त्या जिल्ह्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ढाक्याच्या कापूसधंद्यावरील त्याचा स्वतंत्र ग्रंथ, लेखकाचे नाव न देता, १८५१ साली लंडनमध्ये निघाला. त्या वेळेपर्यंत हा धंदा जवळजवळ बुडाला होता. तथापि जुन्या पद्धतीने काम करणारे काही हात शिल्लक होते, आणि टेलरने त्यांचे काम वैद्याच्या डोळसपणाने पाहिले.

त्याच्या वर्णनानुसार तलम सूत कातण्याचे काम स्त्रिया करीत. चाती लोखंडी सुईसारखी बारीक असे. वजनासाठी तिला मातीची लहानशी गोळी लावलेली असे, आणि तिचे टोक मातीत बसविलेल्या शिंपल्याच्या तुकड्यावर फिरे. या कामाला हवेत ओल आणि सुमारे ८२ अंश फॅरनहाइट, म्हणजे २८ अंश सेल्सिअसच्या आसपास, उष्णता असणे सर्वांत अनुकूल, असे टेलर सांगतो. कातणाऱ्या स्त्रिया उजाडल्यापासून नऊ-दहा वाजेपर्यंत आणि पुन्हा तिसऱ्या प्रहरापासून सूर्यास्तापूर्वी अर्ध्या तासापर्यंत काम करीत. मधली दुपार वर्ज्य होती. अत्यंत तलम सूत तर गवतावरचे दव सूर्याने उडून जाण्यापूर्वीच काढले जाई. दव पडलेले नसेल आणि हवा विशेष कोरडी असेल, तर पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यावर सूत कातले जात असे. त्या पाण्याच्या बाष्पाने तंतूंना हवी ती ओल मिळे.

विणकराचीही रीत अशीच होती. आषाढ, श्रावण व भाद्रपद हे महिने मलमल विणण्यास उत्तम गणले जात. कडक उन्हाच्या कोरड्या दिवसांत मागावर ताणलेल्या ताण्याखाली पाण्याची उथळ भांडी ठेवली जात. ढाक्याची मलमल पाण्याखाली विणतात अशी जी एक अद्भुत समजूत परदेशी वाचकांत पसरली होती, तिचे मूळ बहुधा या भांड्यांत असावे, असे टेलरचे मत आहे. पाणी धाग्याखाली होते. दंतकथेने विणकरालाच पाण्याखाली नेले.

येथे तीन निरनिराळी साधने एकत्र दिसतात. पहिले साधन वेळ : दिवसातील योग्य प्रहर व वर्षातील योग्य ऋतू निवडणे. दुसरे स्थान : नद्यांनी वेढलेला प्रदेश. तिसरे उपाय : जेथे वेळ व स्थान अपुरी पडतील तेथे पसरट भांड्यातील पाणी. भांडे उथळ असणे हेही अर्थपूर्ण आहे. बाष्पीभवन पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर त्याच्या उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असते. खोल घागर ठेवून तेवढे काम साधले नसते.

या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या ग्रंथांत पहाटेच्या कामाचा उल्लेख आढळला की तो हवेच्या ओलीशी जोडण्याचा मोह होतो. कौटिलीय अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाच्या प्रकरणी, ज्या स्त्रिया स्वतः सूत्रशाळेत येतील त्यांच्याशी सूत व वेतन यांची देवघेव पहाटे करावी, आणि दिवा केवळ सूत पारखण्यापुरताच असावा, असा नियम आहे. परंतु प्रकरणाचा रोख पाहता त्या पहाटेचा संबंध तंतूच्या स्वभावाशी नसून स्त्रियांच्या संकोचाशी व अधिकाऱ्यावरील निर्बंधाशी आहे, हे उघड आहे. त्या प्रकरणातील महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. विधवा, घराबाहेर न पडणाऱ्या आणि स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी कष्ट करणाऱ्या स्त्रियांना घरी काम पोहोचविण्याची व्यवस्था तेथे सांगितली आहे. म्हणजे सूत कातण्याची कर्मशाळा म्हणजे घर, ही गोष्ट राज्यव्यवस्थेने गृहीत धरलेली होती.

४

महाराष्ट्राच्या पठारावर ढाक्याची हवा नाही. सोलापूर, येवले, मालेगाव या विणकरांच्या गावी चैत्र-वैशाखातील दुपारी सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. अशा प्रदेशात मागघर कसे असावे, याचे उत्तर खड्डामागाने दिले. या मागात विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, त्याचे पाय खड्ड्यात असतात, आणि पायांनी दाबावयाच्या पावड्याही तेथेच असतात. ताणा जमिनीपासून थोड्याच उंचीवर ताणलेला असतो.

खड्डा ओलीसाठीच खणला गेला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. खड्ड्यामुळे पावड्यांना खाली जाण्यास जागा मिळते, मागाला उंच लाकडी सांगाडा लागत नाही, आणि जमिनीत पुरलेले खांब हलत नाहीत. ही कारणे प्राथमिक असावीत. पण मातीचा खड्डा वरच्या हवेपेक्षा उन्हाळ्यात गार राहतो, त्याच्या भिंतींतून ओल निघते, आणि खड्ड्यात व भोवतालच्या जमिनीवर पाणी शिंपडले की ती ओल ताण्यालगत रेंगाळते. सारवलेली जमीनही हेच काम करते. शेणामातीची जमीन पाणी धरून ठेवते व सावकाश सोडते. फरशी किंवा सिमेंट यांना तो गुण नाही. म्हणजे जे साधन यांत्रिक सोयीसाठी आले, तेच हवेच्या नियंत्रणाचेही साधन बनले. हस्तव्यवसायांच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते, आणि म्हणूनच एका कारणाचा शोध घेणारा अभ्यासक अशा ठिकाणी चकतो.

विणण्यापूर्वीच्या पांजणीतही हीच दृष्टी आहे. ताण्याच्या सुताला खळ देण्याच्या या क्रियेचे नाव ‘पाजणी’ असेही ऐकू येते, आणि त्यात ‘पाजणे’ हे क्रियापद स्पष्ट आहे. सुताला खळ लावतात एवढेच नव्हे, तर ती त्याला पाजतात. घोंगडीच्या लोकरीला धनगर चिंचोक्याची खळ देतात; सुती ताण्याला तांदळाच्या किंवा अन्य धान्याच्या पिठाची खळ असे. लांबच लांब ताणा गल्लीत पसरून कुंच्याने खळ सारखी करण्याचे काम सकाळी लवकर होई. ऊन चढल्यावर खळ एकदम वाळते, धागे एकमेकांना चिकटतात किंवा कडक होऊन तुटतात. कोष्टी, साळी यांच्या वस्तीतील सरळ, लांब गल्ली ही केवळ रहदारीची वाट नव्हती. ती कर्मशाळेचाच एक भाग होती.

ओल मर्यादेबाहेर गेली की तीच शत्रू होते. पावसाळ्यात गल्लीतील पांजणी थांबते, खळ सादळून ताणा चिकट बनतो, रेशमाचा ताणा सैल पडतो, आणि सखल वस्तीत खड्ड्यात पाणी भरून माग बंद पडतो. त्या काळात विणकराच्या घरी काम नाही आणि मजुरीही नाही. कोरडेपणावर विणकराजवळ उपाय होता. अतिरिक्त ओलीवर उन्हाची वाट पाहण्याखेरीज उपाय नव्हता.

५

यूरोपातील हवा वेगळी असूनही तेथे हाच विचार घराच्या बांधणीत दिसतो. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात कापसाचे हातमाग घराच्या तळघरात किंवा मातीची जमीन असलेल्या तळमजल्यावर बसवीत. फ्रान्सच्या उत्तरेस कांब्रे या भागात जवसाच्या सुताचे अत्यंत तलम कापड विणणारे कारागीर अर्धवट जमिनीत गेलेल्या तळघरांत बसत. रस्त्याच्या पातळीवरील लहानशा झडपेतून तेथे उजेड येई. शोले गावी रुमाल विणणाऱ्यांचीही तीच रीत होती. याउलट यॉर्कशायरमधील लोकर विणणाऱ्यांचे माग वरच्या मजल्यावर, ओळीने असलेल्या खिडक्यांमागे असत. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील रेशमी विणकर माळ्यावर, लांबरुंद खिडक्यांच्या उजेडात काम करीत.

या वाटणीकडे केवळ दारिद्र्याचे लक्षण म्हणून पाहता येणार नाही. वरच्या मजल्याचे मुख्य कारण उजेड हे होते, यात शंका नाही. पण उजेड तर कापूस व जवस विणणाऱ्यांनाही हवाच होता. तो सोडून ते तळघरात गेले, ते ओलीसाठी गेले. लोकर व रेशीम यांना ओलीची तेवढी गरज नव्हती, म्हणून त्यांना उजेडाकडे जाता आले. धाग्याच्या स्वभावाने माणसाचे घर वर किंवा खाली ठरविले. आणि जो खाली गेला त्याला उजेड कमी मिळाला, सांधेदुखी व खोकला अधिक मिळाला. कापूस विणणाऱ्याच्या तळघराची सर्द भिंत ही धाग्याची सोय होती. ती माणसाची सोय कधीच नव्हती.

६

उष्णतेच्या बाबतीत हाच संघर्ष दुसऱ्या रूपात आढळतो. घर उबदार ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चूल किंवा शेगडी. पण शेगडी हवा कोरडी करते आणि धूर व काजळी यांनी माल डागाळतो. इंग्लंडच्या मध्य भागात लेस विणणाऱ्या स्त्रियांच्या खोलीत म्हणूनच उघडा विस्तव नसे. प्रत्येकीजवळ गरम राख भरलेले मातीचे भांडे असे आणि ते घागऱ्याच्या घोळाजवळ, पायांपाशी ठेवले जाई. काश्मिरात शालींवर काम करणारे कारागीर हिवाळ्यात फेरणाखाली कांगडी घेतात, तीही याच जातीची युक्ती आहे. या दोन्ही ठिकाणी खोली तापविलेली नाही, माणूस तापविला आहे. खोलीची हवा मालासाठी जशी हवी तशीच राहू दिली आणि ऊब तेवढी शरीराजवळ आणली.

थंडाव्याच्या बाबतीत हिंदुस्थानात परंपरेने चालत आलेले साधन म्हणजे वाळ्याची ताटी. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त वाळ्याच्या घरांचा आणि त्यांवर पाणी शिंपडल्याने भर उन्हाळ्यात येणाऱ्या थंडीचा उल्लेख केला आहे. ‘ताटी’ हा शब्द मराठीला जुना आहे. झोपडीचे कुडाचे दार म्हणजे ताटी, आणि मुक्ताबाईच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ताटीच्या अभंगांमुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. भिजलेल्या ताटीतून येणारा वारा गारही असतो आणि ओलाही असतो. कापसाच्या सुताला यापेक्षा अनुकूल हवा उन्हाळ्यात क्वचितच मिळेल. पण वाळ्याची ताटी प्रामुख्याने दरबाराच्या, दिवाणखान्याच्या व पुढे साहेबाच्या बंगल्याच्या दारांवर लागली. तिला सतत पाणी घालणारा माणूस लागे आणि तो ठेवण्याची ऐपत विणकराला नव्हती. त्याच्या वाट्याला खड्ड्यात शिंपडलेले पाणीच आले.

७

माग घरातून कारखान्यात गेला तेव्हा हवेचा प्रश्नही त्याच्याबरोबर गेला, पण त्याचे स्वरूप पालटले. लँकेशायरची दमट हवा गिरण्यांनाही उपकारक होती. मुंबईच्या गिरण्यांना समुद्राच्या हवेचा तसाच लाभ झाला. परंतु १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील लांब धाग्याचा कापूस मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या मागांवर हिंदी कापूस आला. मुंबई बंदरातून जाणाऱ्या या कापसाला व्यापारात सरसकट ‘सुरती’ म्हणत. त्यात गुजरातेबरोबर खानदेश व वऱ्हाड येथील कापूसही असे. या आखूड धाग्याचे सूत वारंवार तुटे. ते टिकावे व कापडाला वजन यावे म्हणून चिनी मातीची जड खळ देण्याची चाल वाढली. अशी खळ दिलेला ताणा कोरड्या हवेत तडकतो. म्हणून विणकामाच्या दालनांत वाफ सोडण्यात येऊ लागली. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापूस आणि लँकेशायरच्या दालनातील वाफ यांचा संबंध असा आहे.

तळघरातील ओल गार होती. दालनातील वाफ गरम होती. गरम व ओल्या हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकल्यावाचून शरीर गार होत नाही. दिवसभर अशा हवेत काम करून ओल्या कपड्यांनिशी बाहेरच्या थंडीत पडणारे कामगार आजारी पडू लागले. टॉडमॉर्डनच्या विणकरांच्या तक्रारीवरून डॉ. बुकॅनन यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल १८७२ साली आला. कामगारांची चळवळ चालू राहिली आणि १८८९ मध्ये पार्लमेंटने सुती कापडाच्या कारखान्यांविषयी स्वतंत्र कायदा केला. दालनात ओल्या व कोरड्या फुग्यांचे तापमापक टांगणे, प्रत्येक तापमानाला ओलीची कमाल मर्यादा पाळणे आणि दर माणशी ताशी ६०० घनफूट ताजी हवा आत घेणे, ही बंधने त्याने घातली. विणकरांची मागणी वाफ अजिबात बंद करण्याची होती. मिळाली ती मर्यादा. तरीही या कायद्याचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. हवेच्या ओलीचे मापन आता सुतासाठी नव्हे, तर माणसासाठी करावयाचे होते, आणि ते करणे कायद्याने बंधनकारक झाले.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही कृत्रिम आर्द्रतेविषयी १५ वे कलम होते. राज्य सरकारांना ओलीचे मान ठरविण्याचा अधिकार त्याने दिला आणि त्या कामी वापरलेले पाणी पिण्याच्या पाण्याइतके शुद्ध असावे, असा दंडक घातला. मात्र तो कायदा कारखान्यांना लागू होता. विजेवर चालणाऱ्या जागी किमान दहा आणि विजेवाचून चालणाऱ्या जागी किमान वीस कामगार असल्यावाचून कारखाना होत नसे. जेथे पती मागावर, पत्नी कांड्या भरण्यावर आणि वृद्ध आई पांजणीवर, अशी कर्मशाळा होती, तेथे या कलमाचा प्रवेश नव्हता. घरातील हवा ही घरच्यांची खासगी बाब ठरली.

८

या इतिहासाचा एक धागा आजच्या सर्वपरिचित शब्दात गुंतला आहे. ‘वातानुकूलन’ ज्या ‘एअर कंडिशनिंग’ या इंग्रजी शब्दाचा पर्याय म्हणून रूढ झाला, तो शब्द स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन अभियंत्याने १९०६ साली कापूसगिरण्यांच्या हवेविषयी बोलताना प्रचारात आणला. त्यापूर्वी चार वर्षे, १९०२ मध्ये, विलिस कॅरियर याने ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आर्द्रतानियंत्रणाची योजना आखली होती. कारण कागद सादळून त्याचे आकारमान बदले आणि एकावर एक छापावयाचे रंग जागच्या जागी बसत नसत. म्हणजे या यंत्राची पहिली चिंता कागद व सूत ही होती. माणसाचे सुख नंतर आले.

क्रेमरने हा शब्द वस्त्रधंद्यातील परिभाषेवरून बेतला. धाग्याला ठरावीक प्रमाणात ओल देण्याच्या प्रक्रियेला त्या धंद्यात ‘कंडिशनिंग’ म्हणत. या अर्थाचा इतिहास आणखी मागे जातो. रेशीम ओल शोषून जड होते, आणि विक्रेता पाण्यालाही रेशमाचा भाव लावतो, म्हणून फ्रान्समधील लियों शहरी १८०५ साली रेशमाची ओल तपासून त्याचे न्याय्य वजन ठरविणारी सार्वजनिक संस्था स्थापन झाली. तिच्या नावातच ‘कोंदिस्यों’ हा शब्द होता. बाजारातील वादापासून निघालेला शब्द धाग्याच्या संस्काराला, तेथून गिरणीच्या हवेला आणि शेवटी दिवाणखान्यातील यंत्राला लागला. मराठी पर्यायाने तर मूळ शब्दात नसलेला एक प्रश्न उभा केला आहे. वात अनुकूल करावयाचा, तो कोणाला अनुकूल? इंग्रजी शब्द हवेच्या स्थितीविषयी बोलतो. मराठी शब्दाला एक संप्रदान अपेक्षित आहे, आणि ते वाक्यात सांगितलेले नसते.

९

ढाक्याच्या पसरट भांड्यापासून कॅरियरच्या यंत्रापर्यंतचा हा इतिहास पाहता काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, हवेच्या नियंत्रणाची कल्पना यंत्रयुगाने निर्माण केलेली नाही. यंत्राने वेळ व स्थान यांचे बंधन दूर केले. पहाटेची हवा दुपारी आणि श्रावणाची हवा वैशाखात निर्माण करणे शक्य झाले. दुसरा असा की, घरगुती कर्मशाळेतील उपाय सुटे नव्हते. खड्डा, सारवण, गल्ली, कामाचा प्रहर व खळ यांची एक परस्परावलंबी रचना होती, आणि तीतून एक घटक काढला की उरलेले दुबळे पडत. तिसरा असा की, धाग्याला हवी ती हवा व शरीराला हवी ती हवा या नेहमी एक नसतात. आणि जेथे त्यांत विरोध आला तेथे बहुधा शरीराने माघार घेतली.

हे निष्कर्ष केवळ भूतकाळापुरते नाहीत. सातव्या पंचवार्षिक योजनेच्या काळापासून (१९८५–९०) विणकरांना घर व मागघर एकत्र बांधून देण्याच्या सरकारी योजना निघाल्या. पक्के घर मिळणे ही विणकराच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे; खड्ड्यात पाणी भरून महिनाभर माग बंद पडणे कोणालाही परवडत नाही. परंतु सिमेंटची जमीन व पत्र्याचे छप्पर असलेल्या खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी हवा तापते आणि ती तापली की, वर दाखविल्याप्रमाणे, सुताच्या दृष्टीने कोरडी पडते. अशा वेळी जुन्या सर्द खोलीत परत जा, असे विणकराला सांगणे हा उपाय नव्हे. त्या खोलीची किंमत त्याच्या पूर्वजांनी छातीच्या व सांध्यांच्या दुखण्यांनी मोजली आहे. जाड भिंत, छपराखाली हवेचा थर, ओल धरणारी जमीन, पाणी वाहून जाण्याजोगा उंच जोता आणि उजेडाची खिडकी यांची सांगड घालणे अशक्य नाही. मात्र त्यासाठी घर बांधणाऱ्याने दोन प्रश्न एकाच वेळी विचारले पाहिजेत : या खोलीत कोणता धागा चालणार आहे, आणि तो चालविणारा माणूस दिवसाचे किती तास तेथे बसणार आहे. लँकेशायरच्या कायद्याने दुसरा प्रश्न कारखान्यापुरता विचारला. ढाक्याच्या कातणाऱ्या स्त्रियांनी पहिल्याचे उत्तर दवाच्या वेळेत शोधले. घरातील मागाच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.